साहेबांनी कूलर वळवला

"आयक वं, आता साहेबाचं लफडं!" मावशी चष्मा पुसत म्हणायच्या आणि मोबाइलवरची कादंबरी मोठ्यानं वाचू लागायच्या.

अठरा मेला दुकानातल्या कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलताना मावशीच आठवल्या. कूलरचं तोंड आमच्या काउंटरकडे आहे, ही त्यांचीच करामत.

समुद्रपुरात सेठजींचं बियाण्यांचं दुकान. बिलं मी करते, मावशी पाकिटं काढून द्यायच्या. दुपारी गिऱ्हाईक नसलं की वाचन. नायक करोडपती मालक, नायिका त्याच्याच हापिसातली गरीब पोरगी.

सेठजी गादीवर पेपर धरून बसत, पान मात्र उलटत नसत. एकदा ओरडलेच, "चूक केली तरी तिले मोटार? बुडन हा धंद्यात!"

"नाई बुडत, सेठजी. पोरगी डबल काम करून राह्यली," म्हणत मावशींनी पुढे वाचलं, "तिले घाम फुटलेला पाहून साहेबांनी आपला कूलर तिच्याकडं वळवला."

त्याच आठवड्यात आमचाही कूलर वळला. मग साहेबांनी हापिसात खुर्च्या आणल्या, आम्हालाही आल्या.

संडास तेवढा येईना. भर उन्हात आम्हाला एसटी स्टँडवर जावं लागे, त्यात मावशींचे गुडघे दुखरे. एकदा त्या तिकडे गेल्या तेव्हा मोबाइल माझ्याजवळ होता.

"तोवर तुम्ही वाचा ना, ताई," सेठजी म्हणाले.

मी मागचे भाग चाळले. तिसावा मजला, चारी बाजूंनी काचा, एसी. कूलर कुठेच नव्हता. खुर्च्यांचंही नाव नव्हतं.

"चष्मा घरी राहिला, सेठजी," मी म्हटलं.

मावशी परत आल्या आणि माझ्या तोंडाकडे बघून समजल्या. हळूच म्हणाल्या, "वाचलं काय वं?"

"वाचलं."

"मंग गप राह्यजो. संडासाचा भाग बाकी हाये."

तो भाग यायच्या आतच गुडघ्यांनी असहकार पुकारला. मुलगा त्यांना आपल्याकडे हिंगणघाटला घेऊन गेला.

ताट्या बसवून मी हात पुसत होते, तर सेठजी घुटमळले. "ताई, त्या साहेबाचं पुढं काय झालं असन हो?"

"उद्या सांगते," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आठवणीनं चष्मा नेला. माझाच मोबाइल उघडला, घसा खाकरला आणि वाचलं, "साहेब म्हणाले, हापिसातल्या बायांसाठी संडास बांधा. गवंडी आजच बोलवा."

सेठजींनी पेपर खाली ठेवला. "एवढ्या मोठ्या हापिसात संडास नव्हता काय?"

"नव्हता," मी म्हटलं आणि पुढचा भाग उघडला.