चिमूटभर माती

निरुपमाबाई दिघे शाळेतून निवृत्त झाल्या तेव्हा घडियाळी पोळात, म्हणजे त्यांच्या गल्लीत, सगळ्यांना वाटलं, आता बाई भजनी मंडळात रमणार. बाईंनी शहराबाहेर अर्धा बिघा जमीन घेतली. साल शहाण्णव. अलकापुरीत वेफर्सच्या पाकिटांची दुकानं वाढत होती आणि कॉलेजातल्या पोरांना भुईमूग झाडाला लागतो की जमिनीत, हेही ठाऊक नव्हतं. बाईंना याचा मनापासून राग यायचा. दर शनिवारी सयाजीगंजहून बस धरून त्या दहा-बारा जणांना शेतावर नेऊ लागल्या. खत शेणाचं, बी घरचं, औषधाचा एक थेंब नाही. निघालेली भाजी पोरं वसतिगृहाच्या खानावळीला द्यायची आणि स्वतःही मिटक्या मारत खायची.

बाईंची एक खोड होती. कामाला हात लावण्याआधी प्रत्येकानं चिमूटभर माती जिभेवर ठेवायची आणि चव वहीत लिहायची.

"कागदावरचे आकडे फसवतील, जीभ नाही फसवणार," त्या सांगायच्या. पोरांनी आधी तोंडं वाकडी केली, मग त्यांना त्याचाच तोरा चढला. सगळ्यात तरबेज रेल्वेतल्या फिटरची अवंती. ती डोळे मिटून वाफा ओळखायची.

पहिल्या वर्षी वहीत 'तुरट' होतं. तिसऱ्या वर्षी 'गोडसर' येऊ लागलं. शेणखत मुरलं, माती सुधारली, असं बाई भेटेल त्याला सांगत सुटल्या. गांडुळं दिसेनाशी झाली होती, ते त्यांनी उन्हाळ्यावर ढकललं.

एका बुधवारी शेताशेजारचे मानसिंगराव घरी आले. चहा नको म्हणाले.

"बाई, तुमच्या बोअरचं पाणी माझी भेंस तोंडाला लावत नाही. पंधरा दिवस झाले."

"गाळ आला असेल."

"गाळ नथी. मागच्या कारखान्यानं खाडा खणलाय. घाण पाण्याचे टँकर येतात, त्यात खाली होतात. तीन वर्षं झाली."

"मग आजवर बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुम्ही भणेल्या, शाळेत शिकवलेल्या बाई. तुम्हाला खबर असणारच."

ते गेल्यावर बाई वह्या उघडून बसल्या. खरं सांगायचं तर पहिली भीती त्यांना पोरांच्या जिवाची वाटली नाही. हे कळलं की पोरं पुन्हा मातीला हात लावणार नाहीत, याची वाटली. मग त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पोरांना काही सांगण्याआधी खात्री हवी, म्हणून गुरुवारी त्यांनी बोअरचं पाणी बाटलीत भरून ओळखीच्या प्रयोगशाळेत दिलं. शुक्रवारी संध्याकाळी तिथला माणूस एवढंच म्हणाला, "हे कुणाच्या पोटात तर गेलं नाही ना?"

शनिवारी बाई वेळेआधी बसथांब्यावर उभ्या राहिल्या. पोरं येईनात. तेव्हा त्यांना आठवलं. गेल्याच महिन्यात त्यांनी फाटकाची किल्ली अवंतीच्या हातात दिली होती. मी जन्माला पुरणार नाही, माझ्यासाठी खोळंबू नका, असं बजावलंही होतं. पोरं गुणी होती. आधीची बस धरून गेली होती.

बाई रिक्षा करून निघाल्या. फाटकापाशी उतरल्या तेव्हा सगळी वाफ्याकडेला रांगेत उभी होती.

"थांबा," बाई ओरडल्या. "कुणी तोंडात घालू नका."

अवंतीनं मिटलेले डोळे उघडले आणि कौतुकाच्या अपेक्षेनं त्यांच्याकडे पाहिलं.

"बाई, आज तर फारच गोड लागतेय."