झुरी आधी ऐकून घेते

अक्षर वाईट आहे, शुद्धलेखनही चुकेल. मी चौथीच शिकले. शेजारच्या नलूची मुलगी झुरी नववीत आहे. तिचे वडील केनियाचे. काल बसथांब्यावर मी मागेच उभी असताना दोन मुली तिच्यासमोरच मराठीत म्हणाल्या, "केस बघ, तारेची घासणी." झुरी शांत उभी राहिली. मग तिनं विचारलं, "शाळेची बस गेली का गं?" दोघी गोऱ्यामोऱ्या झाल्या.

मी म्हटलं, "आधीच का नाही बोललीस?"

"मावशी, मला मराठी येतं कळलं की लोक गप्प होतात. त्यांना काय वाटतं ते मला ऐकायचं असतं."

ऐकून ती ते कुठे ठेवत असेल? मी भीत भीत विचारलं, "तुम्ही इथं राहायला आलात तेव्हा तुला पहिल्यांदा बघून मी काय म्हणाले होते गं?"

"'दात तरी पांढरे आहेत बाई.'"

मी तोंडाला पदर लावला. ती हसली, तेव्हा दातच दिसले.