मारलं, अन् हात वर केले

माझी लेक केंडो शिकते. जपानी लोकायचा तलवारीचा खेळ हाय. तलवार बांबूची असते, डोक्यावर जाळीचा टोप असते, हातात जाड मोजे. रुआबांध्यात आमच्या विहाराच्या मागं हॉल हाय, तिथं रविवारी सकाळी क्लास लागते. मी पहिले फक्त तिची बॅग घेऊन जाओ अन् दारात बसून हसो. हे लोक मारताना बोंबलतात अन् मारून झालं की वाकून नमस्कार करतात. आमच्या मोहल्ल्यातली भांडनं अशी झाली असती तं ठान्यातले पोलीस झोपले असते.

एका रविवारी क्लास घेनाऱ्या मॅडम म्हनाल्या, "भाईसाहब, बहुत हँस लिए. अंदर आइए." झालं. ज्यानं शाळेचं तोंड नाई पाह्यलं, थो पंचेचाळीस वर्षाचा मानूस पहिल्यांदा क्लासात बसला. अन् त्याच दिवशी नापास झाला.

त्याचं कारन असं, की मी घन मारनारा मानूस. एका छोट्या वर्कशॉपात कामाले हाओ. मिस्त्री लाल लोखंड ऐरनीवर धरते, छोट्या हातोडीनं टक् करून जागा दाखवते, अन् त्या टक् नंतर त्याच जागी माझा घन पडते. टक् च्या आधी मारलं तं मिस्त्रीचं बोट गेलंच समजा. वीस वर्षात मी एकदाही आधी मारलं नाई. याचा मले लय घमंड होता.

केंडोत तेच उलटं पडलं. समोरचा माझ्या टोपावर मारे, टक्, अन् मंग माझा हात उठे. म्हंजे मी मरून गेल्यावर मारो. तेही असं जोरात, की समोरच्याची मान आत जाये. क्लासातल्या पोट्ट्या माझ्यासमोर उभं राहाले भेत होत्या.

कोनाले समजलं नाई, लेकीनं ओळखलं. लहानपनी ती वर्कशॉपात डबा घेऊन येत होती, तवा तिनं पाह्यलं होतं. म्हनाली, "पापा, तुम्ही टक् ची वाट पाहून राहिले. इथं कोनी तुमाले जागा नाई दाखवनार."

मंग तिनं मले शिकवाले घेतलं. क्वार्टरच्या मागं खांबाले जुना टायर बांधला. रोज ड्यूटीवरून आलो की शंभर वार. "उजवा हात मेला समजा, पापा. जोर डाव्या हातात. उजवा फक्त रस्ता दाखवते. अरे, कंधे ढीले, ढीले! घन थोडी है!" आवाज, पाय अन् काठी, तिन्ही एकाच टायमाले पोचले पायजे म्हने. माझा पहिले आवाज पोचे, मंग पाय, अन् काठी येईपर्यंत समोरचा घरी जाऊन जेवून घेई.

घरवाली भांडे घासता घासता म्हने, "तोंड तुमचं सगळीकडं पहिलेच पोचते."

"समोरच्याच्या काठीचं टोक पाहा," लेक म्हने. "मारायच्या आधी टोक जरासं हलते. तवाच निघा. त्याचा हात वर गेला, की टाइम गेला."

सहा-सात महिने मी टोकच पाहून राहिलो होतो. एका रविवारी लेकीच्या काठीचं टोक हललं, अन् मी विचार कराच्या आधीच मारून मोकळा झालो. बरोबर टोपाच्या मधात, हलका, फटाक् आवाज. ती म्हनाली, "हो." एवढंच. मी घरी येऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

मंग दुर्गच्या क्लाससोबत सामना ठरला. तीन-तीन जनायची टीम. आमच्याकडं एक कॉलेजची पोट्टी, माझी लेक, अन् तिसरं कोनी भेटून नाई राहिलं. लेकीनं माझं नाव घेतलं. मॅडमनं तोंड कसनुसं केलं. "खेल तो ठीक हुआ है. पर तुम्हारे पापा तमाशा करते हैं."

खोटं नोतं. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत बँडच्या पुढं पहिला मीच नाचतो. क्लासातही टायमावर एखादा वार बसला की मी कंबर हलवो, सारे हसत. अन् केंडोत थे चालत नाई. मारल्यावरही समोरच्याकडं तोंड करून तयार उभं राहा लागते. खुशी दाखवली तं त्याची बेइज्जती झाली, पॉइंट कॅन्सल.

लेक म्हनाली, "नाई करनार, मॅडम. माझी जिम्मेदारी." मी बाजूले उभा राहून बैलासारखी मान हलवली. नियम मले पाठ होता, हे मी पहिलेच सांगून देतो.

सामन्यात आमची कॉलेजची पोट्टी पहिले खेळली अन् हारली. मंग माझा नंबर, शेवटी लेकीचा. मी नुसता बरोबरीत सुटलो असतो तरी लेकीच्या हातात सामना राहात होता. जाताना तिनं माझ्या टोपाची दोरी कसली अन् म्हनलं, "टोक पाहा. बस."

समोर बँकेत काम करनारा एक जवान पोट्टा होता. मी टोक पाह्यलं. हललं. अन् बाप्पा, आवाज, पाय, काठी, तिन्ही एकदम! तीन पंच होते, तिघायचे झेंडे वर गेले, पॉइंट माझा. हॉलात टाळ्या वाजल्या.

अन् माझे दोन्ही हात वर गेले. पाठ त्या पोट्ट्याकडं, तोंड लोकायकडं. कंबरही हलली. लोक हसले, म्हनून आनखी एकदा हलवली. पहिली आपोआप हलली असंन. दुसरी मी हलवली.

पंचायनं एकमेकायले पाह्यलं, एका जागी आले, बोलले. मंग झेंडे खाली आडवे हलवले. पॉइंट गेला. टाळ्या बंद. त्याच्यानंतर मले काठीचं टोक का, समोरचा पोट्टाही नीट दिसून नाई राहिला. त्यानं दोन वेळा मारलं, दोन्ही साफ. दोन पॉइंट झाले की खेळ खतम; तिघातले आमचे दोघं हारले, सामना तिथंच संपला.

तरी लेकीले खेळाच लागलं. ज्याचा काही फायदा नोता, असा सामना ती खेळली अन् दोन्ही पॉइंट घेऊन जिंकली. मारल्यावर ती पुढं गेली, वळली, काठी समोर धरून उभी राहिली. एकदाही लोकायकडं नाई पाह्यलं. मंग त्या बँकवाल्या पोट्ट्यापाशी गेली अन् त्याच्यापुढं वाकली. माझ्यासाठी. मी कोपऱ्यात मोजे काढून राहिलो होतो. सापडत नसलेली गाठ शोधल्यासारखं करत होतो. मोज्याले गाठच नोती.

येताना गाडी तिनं चालवली, मी मागं बसलो. सिविक सेंटरच्या सिग्नलवर गाडी थांबली, तवा मले चूप राहवलं नाई. म्हनलं, "पन एक तं टायमावर मारलाच ना, बेटा?"

तिनं मागं नाई पाह्यलं. "मारला. म्हनूनच तं. उशिरा मारून हारले असते तं मी काहीच म्हनलं नसतं."

घरवालीनं इचारलं, काय झालं. लेकीनं सांगतलं, "हारलो." माझं नाव नाई घेतलं. मी रात्री जेवताना एक जोक केला, तिनं मीठ मांगतलं.

पुढच्या रविवारी मी उशिरा गेलो, दारातच बसलो. मॅडमनं पाह्यलं अन् क्लास चालू ठेवला. त्या बोलल्या असत्या तं सोपं गेलं असतं. लेक आली. "इथं कावून बसले?"

"तुयी मान खाली घातली मी," म्हनलं. "आता इथंच बरा."

"सामन्यात आता मी तुमचं नाव नाई घेत," ती म्हनाली. "पन उठा. टोप घाला."

माझ्यासमोर तीच उभी राहिली. "मारा." मी मारलं. चांगला बसला. सारे माझ्याकडं पाहून राहिले होते, काहीजन हसाले तयारच होते. माझ्या कंबरेले अक्षरशः खाज सुटली. मी वळलो, काठी समोर धरली. ती हलली नाई, मीही हललो नाई. टोपातून घाम डोळ्यात गेला, पुसता येत नोता. ती कधी "बस" म्हनते, याची वाट पाह्यली. ती म्हनाली, "परत."