शामरावांचा तिरका सांधा

शामराव गेल्याचा निरोप मला नेरच्या कापूस बाजारात मिळाला. मारेगावकडून आलेल्या एस.टी.च्या ओळखीच्या कंडक्टरने तो सांगितला आणि तो चहा प्यायला निघून गेला. मी उरलेला कापूस मोजून घेतला, मग निघालो.

शामराव म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. तिला आम्ही बाई म्हणतो. साठ सालाच्या आसपास कापसाची गाडी उलटली आणि त्यांचा उजवा पाय गुडघ्यापासून काढावा लागला. पुढे सागाच्या कुबडीवर ते रोज शेतात जाऊ लागले. एकदा ती मधोमध मोडली. त्यांनी सरस वितळवून तुटलेली टोके चिकटवली, आणि दुसऱ्या दिवशी अंगणात कुबडीसकट पडले. कपाळाला खोक पडली. आता खाटेवर बसूनच सालदाराला कामे सांगा, असे बाईने बजावले. मी नवी कुबडी आणतो म्हणालो. त्यांनी दोन्ही तुकडे मांडीवर घेतले, सुटलेली टोके बोटाने चाचपली आणि मला म्हणाले, "टोकाले टोक लावलं म्हणून सुटलं. धरायले जागाच कुठं होती त्याले?"

त्यांनी दोन्ही तुकड्यांना वीतभर लांब तिरका काप दिला. एकावर एक ठेवून उजेडाकडे धरायचे, जिथे फट दिसेल तिथे घासायचे, असे दुपारभर चालले. ऊन ऊन सरस पातळ लावला, वरून सुतळी करकचून आवळली आणि कुबडी सावलीत ठेवून दिली. सरस वाळल्यावर त्यांनी सुतळी सोडली, तेव्हा बाई पुढे आली.

"आधी मी टेकतो हिच्यावर," ती म्हणाली. "मोडली तं मी पडन, तुमी नाही."

त्यांनी तिच्याकडे पाहिले आणि कुबडी तिच्या हातात दिली. बाईने पदर खोचून सगळा भार टाकला. लाकूड करकरलेही नाही. मग ते तीच कुबडी घेऊन शेताकडे गेले, आणि दिवेलागणीला परत येईपर्यंत बाई दारातून हलली नाही. त्यानंतर गावातले पाळणे, पाट, खाटेचे पाय त्यांच्याकडे येऊ लागले.

परवा पुन्हा बाईला भेटायला गेलो. पडवीत एक चौरंग उलटा ठेवला होता. जाण्याच्या आदल्या दिवशी शामरावांनी त्याचा पाय सांधला होता. सुतळी तशीच आवळलेली होती. उन्हाळ्याचे दिवस, त्यातून तीन आठवडे होऊन गेलेले. मी गाठ सोडायला वाकलो.

"राहू दे, बापू," बाई म्हणाली. "ओलं असन अजून."