गहाळ रजिस्टरातली एक नोंद

परळच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल. स्वभावाने कडक. मुलं पाठीमागे काय म्हणतात ते ठाऊक आहे, आणि त्याचं मला काही वाटत नाही.

बीडीडी चाळीतली एमएची एक मुलगी पुस्तकांची यादी घेऊन आली. प्रबंध गिरणगावातल्या बायकांवर. एका पुस्तकाभोवती तिने पेनाने गोल केला होता. लेखक, प्रकाशक, वर्ष, पान क्रमांक, सगळं जागच्या जागी. आमच्या कॅटलॉगमध्ये ते नव्हतं. पण लालबागचं एक वाचनालय बंद पडलं तेव्हा त्यांचे गठ्ठे आमच्याकडे आले होते, आणि त्यांची नोंदणी अजून व्हायची होती. ते गठ्ठे शिपाईकाकांनी माळ्यावर लावलेले. त्यातच असणार, मी ठरवून टाकलं. इतका नेटका संदर्भ खोटा असेल, हे ग्रंथपालाच्या डोक्यात येतच नाही.

काकांनी तीन दिवस शोधलं. "मॅडम, ह्यां पुस्तक आमच्याकडे इलांच नाय."

"रिटायर व्हायला दोन महिने राहिले, म्हणून आता आळस का काका?"

मी हे सगळ्यांसमोर बोलले. वर गहाळ पुस्तकांच्या रजिस्टरात नोंद केली आणि शेवटचं हाताळणारा म्हणून त्यांचं नाव घातलं. त्या दिवशी ते डबा न उघडताच घरी गेले.

मग मुलीला विचारलं, "यादी आणलीस कुठून?"

"एआयने दिली, मॅम. पण पुस्तकं खरंच आहेत का ते कळेना, म्हणून तर तुमच्याकडे आले."

म्हणजे तिने बरोबर केलं होतं. प्रकाशकाला फोन केला, दादरच्या ग्रंथालयात विचारलं. असं पुस्तक कधी निघालंच नव्हतं. अगं बाई! माझी मलाच लाज वाटली.

आता दर शनिवारी आम्ही मुलांना एआय कसं वापरायचं, कसं तपासायचं ते शिकवतो. पहिल्याच तासाला मी ते रजिस्टर उघडलं, नोंद लाल पेनाने खोडली आणि मुलांसमोर म्हटलं, "काका, चूक माझी होती. पुस्तक नव्हतंच."

काका खिडक्या उघडत होते. ते थांबले.

"नव्हतांच? मी तर घरचां कपाटसुद्धा उपसलंय, मॅडम. म्हटलां, चुकान मीच नेलंय काय."