सायबुआने मुलापुढचं ताट मागे ओढलं

सायबुआच्या हातच्या चिकट भाताला गावात तोड नव्हती. नवऱ्यामागे खाम्पुनला तिने वाढवला तो याच भातावर. पहाटे भिक्षूंच्या पात्रात वाढावं, मग मुलाला पोटभर घालावं, हाच तिचा धर्म.

यंदा ऊसतोडीत खाम्पुन वाळत चालला. थंडीतही घामाघूम, हात थरथरणारे. एका लग्नात जेवून झोपला, तो सकाळी पायच उचलेनात. दुपारी आपोआप चालू लागला.

"जीव उसाच्या फडात राहिलाय त्याचा," शेजारची फान म्हणाली. "पुरोहितांकडून मनगटाला दोरा बांधून जीव परत बोलावून घे. तोवर गोडधोड घाल पोराला."

सायबुआने नारळाच्या दुधातला, ताडगुळाचा भात पोट फुटेस्तोवर खाऊ घातला. दुसऱ्या सकाळी पायांसोबत हातही गेले.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून पोटॅशियम दिलं. "मावशी, गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी जास्त जोरात चालते याची. त्यामुळे रक्तातलं पोटॅशियम स्नायूंत ओढलं जातं, आणि स्नायू हलेनासे होतात. भरपेट भात, गोड खाल्लं की आणखीच. पोटॅशियम फार खाली गेलं तर हृदयावर येतं. ग्रंथी ताब्यात येईपर्यंत औषध घ्यायचं आणि बेतानं जेवायचं."

"म्हणजे मीच त्याला आडवा केला?"

"तुम्हाला कुठे माहीत होतं?"

सायबुआ रडली नाही. औषधाच्या वेळा दोनदा विचारून घेतल्या.

दोरा बांधायच्या दिवशी सगळं गाव जमलं. जीव बोलावल्यावर ताटातलं खावंच लागतं, नाहीतर तो रुसतो. म्हाताऱ्या पुरोहितांनी गोड भाताचा मोठा गोळा खाम्पुनच्या हातावर ठेवला. तो आईकडे बघू लागला.

सायबुआने सगळ्यांदेखत गोळा उचलला, ताट मागे ओढलं.

"शहरातलं वारं लागलं का गं? स्वतःचा भात कडू झाला?" फान म्हणाली.

"गोडच आहे. म्हणून तर तू खा." तिने गोळा फानच्याच हातात दिला आणि ताटातलं उकडलेलं अंडं सोलून मुलाच्या तळव्यावर ठेवलं. मग पुरोहितांपुढे हात जोडले. "आजोबा, जीव माझ्या लेकाचा आहे. अंड्यावरही येईल. रुसलाच तर माझ्यावर रुसू दे."

म्हातारा हसला. त्याने खाम्पुनच्या मनगटाला दोरा बांधला.

दुसऱ्या पहाटे चूल न पेटवता सायबुआ मुलाच्या चटईशी बसून राहिली. खाम्पुनने झोपेतच गुडघा पोटाशी घेतला. तेव्हा ती उठली आणि भिक्षूंसाठी भात चढवला.