कानामागचं हाड

धाकट्या बहिणीचा कान लहानपणापासून वाहायचा. घराला त्याची सवय झाली होती. एकाहत्तरच्या उन्हाळ्यात मात्र तो ठणकू लागला, वास सुटला, तेव्हा मी तिला मिरजगावहून एसटीनं नगरला नेलं. डॉक्टरांनी कानात उजेड टाकला, मागचं हाड बोटानं दाबलं. ती किंचाळली.

"हाड सडलंय. थेंबांनी भागणार नाही. कानामागून उघडून सडलेलं सगळं काढावं लागेल. ऐकू कमी येईल, पण पलीकडे मेंदू आहे. थांबू नका."

"केस कापावे लागतील?"

"तेवढ्या भागाचे."

त्याच आठवड्यात तिला बघायला पाहुणे यायचे होते. मी थेंब घेऊन परतलो आणि आईला सांगितलं, "डॉक्टर म्हणले, लग्नानंतर केलं तरी चालतंय."

पाहुणे आले त्या दिवशी आईनं तिच्या कानात अत्तराचा फाया घट्ट बसवला.

"आये, लई ठणकतंय गं."

"त्यांचं बघून झालं की काढते. मान हलवू नको."

पाहुण्यांतली म्हातारी हसली. "पोरगी लई लाजरी हाय. इचारलं तरी बोलंना!" म्हातारी तिच्या वाहत्या कानाच्या बाजूला बसली होती. आम्हीही हसलो.

हळदीच्या आदल्या दिवशी कान वाहायचा थांबला. आईनं देवीला नारळ फोडला. पण बहिणीचं अंग तापलं होतं, कानामागे सूज येऊन कान पुढे झुकला होता. मुंडावळ्या आणि पदराखाली ते कुणाला दिसलं नाही. मला दिसलं होतं. मी अक्षता टाकल्या.

आठवडाभरात सासरी तिचं तोंड वाकडं झालं, डोळा मिटेना. नवऱ्यानं जीप करून तिला नगरला नेलं. निरोप मिळताच मीही गेलो. ऑपरेशन करून डॉक्टर बाहेर आले, माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्हीच आला होता ना?" जावई शेजारीच उभा होता. औषधांची चिठ्ठी घेऊन तो खाली गेला.

जीव वाचला. कान गेला, तोंड वाकडंच राहिलं.

गावात आवई उठली की जावयानं कानशिलात मारली. बहीण "न्हाई" म्हणायची, तर बायका म्हणायच्या, "धाकानं बोलती बिचारी." आईनं त्याला पुन्हा उंबरा चढू दिला नाही. पारावर मला कुणी विचारलं, "खरं का?" मी म्हणालो, "व्हय."

त्यानं तिच्यावर कधीच हात उचलला नव्हता. त्याची मुलं आता मोठी आहेत. आजोळी येऊन त्यांनी आपल्या बापाबद्दल जे ऐकलं, ते माझ्या तोंडचं होतं.